वाट निवडणारे आमचे साडू

आमच्या साडूंइतका विचार करून वाट निवडणारा माणूस महाड-पोलादपूर पट्ट्यात दुसरा नसेल, आणि इतका विचार करून इतक्या उशिरा पोचणाराही नसेल. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ते नेटवर्क सांभाळतात. तिथल्या कपाटात राउटर नावाची एक पेटी लुकलुकत असते. आलेला निरोप कुठल्या वाटेने पुढे धाडायचा, हे ती पेटी ठरवते. एकाच ठिकाणच्या अनेक वाटा कळल्या, तर आधी सर्वांत नेमका पत्ता सांगणारी वाट धरायची. पत्ते सारखेच नेमके असतील तर वाट सांगितली कुणी, त्याच्यावर भरवसा किती, ते बघायचं. आणि सांगणाराही एकच असेल तर कमी खर्चाची वाट घ्यायची. हा स्वभाव साडूंच्या अंगात इतका भिनला आहे, की पेटीच त्यांच्याकडून शिकली असावी असं मला वाटतं.

एकदा त्यांचा चष्मा हरवला. माझी मेव्हणी, म्हणजे त्यांची बायको, म्हणाली, "असेल घरातच." मुलगी म्हणाली, "कपाटात बघा." पाहुण्या आलेल्या आत्याबाईंना स्वतःचंच काही कधी सापडत नाही, पण त्या ठामपणे म्हणाल्या, "कपाटाच्या वरच्या खणात, निळ्या स्वेटराखाली." साडूंनी तासभर वरचा खण उपसला. चष्मा स्कूटरच्या डिकीत निघाला. "पण पत्ता नेमका होता," हे त्यांचं म्हणणं आजही कायम आहे. लग्नाच्या पंगतीत जिलेबी संपल्याची वार्ता आली, की ते भरल्या पानावरून उठून थेट आचाऱ्याला विचारून येतात. पेटीसारखाच त्यांचाही स्वतःला थेट जोडलेल्या तारेवर भरवसा सर्वांत जास्त, ऐकीव गोष्टीवर सर्वांत कमी. पुण्याला जायचं तर वरंध घाटाने भोरवरून की ताम्हिणीने, याचा हिशेब आदल्या दिवशीच मांडला जातो. अंतर, खड्डे, चहाची ठिकाणं आणि वळणांवर बायकोला होणाऱ्या उलट्या, सगळं खर्चात धरतात. "निदान माझ्या उलट्या तरी चारचौघांत मोजू नका," असं मेव्हणीने सांगून पाहिलं आहे.

मुंबईतल्या थोरल्या भावाशी मात्र ते बोलत नसत. वरंधजवळच्या गावच्या घरातला गणपती दादांनी एका वर्षी धाकट्याला न विचारता मुंबईला बसवला, एवढ्यावरून बिनसलं. तेव्हापासून दादांची खबर साडूंना नातेवाइकांकडूनच मिळे.

यंदा उन्हाळ्यात दादांच्या हृदयाच्या ऑपरेशनची बातमी आली, तीही तीन वाटांनी. साडू आमच्या पोलादपूरच्या घरी ओटीवर येऊन बसले. गावचा चुलतभाऊ फोनवर म्हणाला होता, "झाला ऑपरेशन, दादा बरा हाय." घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'प्रकृती गंभीर' असं आलं होतं. आणि मावशींच्या म्हणण्याप्रमाणे दादा घरी येऊन वरणभातही जेवले होते.

"तिघांवर भरवसा सारखाच. म्हणजे नाहीच," साडू म्हणाले. त्यांचा चहा गार होऊन गेला. एरवी मी त्यांची थट्टा केली असती, पण त्यांचा उतरलेला चेहरा बघून मला फार वाईट वाटलं.

"भावोजी, थेट दादांनाच फोन करा की," माझी बायको म्हणाली.

"ती लाइन बंद आहे गं. बंद पडलेली वाट पेटी खोडूनच टाकते."

"बंद आहे हे तपासलंत कधी?"

साडूंनी चष्मा पुसून दादांचा नंबर शोधला. मग त्यांनी फोन लावला. पलीकडून लगेच आवाज आला, जरा थकलेला. "बोल रे. उद्या सकाळी ऑपरेशन हाय. टेन्शन नाय घ्यायचा."

तिन्ही बातम्या खोट्या होत्या. साडूंनी कसलाही हिशेब न मांडता, अंगावरच्या कपड्यांनिशी मुंबईची एसटी धरली आणि दादांना आत नेण्याआधी पोचले.

ऑपरेशन नीट झालं. दादा आता हिंडूफिरू लागले आहेत. साडू परतल्यावर मी विचारलं, "काय बोललात एवढ्या वर्षांनी?"

"विशेष काही नाही. तो म्हणाला, टक्कल पडला रे तुला." मग ते म्हणाले, "त्याने घर बदललं, त्याच्या मुलाला नोकरी लागली, सगळं कळत होतं मला. पण दादा पार पांढरा झालाय, आमच्या बाबांसारखा वाकून चालतो, हे इतक्या वर्षांत मला कुणीच सांगितलं नाही."