माती चाखणारी मावशी

बोईसरला नवं घर बांधलं, तेव्हा अंगणात लॉन लावायचं बायकोने ठरवलं आणि माती पारखायचं काम माझ्याकडे आलं. मी साताऱ्याकडचा, इथल्या कारखान्यात पोटासाठी आलेला. कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायची मला सवयच नाही. मातीवाला म्हणाला, "मासवणच्या शेतातली आहे." म्हणजे नक्कीच नसणार. मी कारखान्याच्या लॅबमधून आम्ल तपासायचा कागद आणला, चमचाभर माती पाण्यात कालवून त्यात बुडवला. रंग हवा तसाच आला. तरी कागद बघून मातीवाला हसला, तो का, हे मनात राहिलंच.

ट्रॅक्टर रिकामा करून माती पसरली. तेवढ्यात सातपाटीची मासेवाली मावशी गेटपाशी टोपली उतरवून थांबली. तिने चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकली.

"खारी हाय. खाडीकडची. यात गवत नाय व्हायचं."

हिचा भाऊ नाहीतर दीर माती विकत असणार, हे मी लगेच ओळखलं. "मी तपासलीय," एवढंच म्हणालो.

चार दिवस पाणी मारलं. पाचव्या दिवशी ऊन चढलं आणि अंगणभर पांढरा थर फुलून आला. मीठ दाखवणं हे त्या कागदाचं कामच नाही, एवढं मला इतकी वर्षं कारखान्यात राहूनही सुचलं नव्हतं.

मावशी आली तेव्हा मी मान वर केली नाही.

"बांगडं देऊ का?" तिने विचारलं. "मीठ तुमच्याकडं हायच."