चौथा दिवा

तीन दिवस आभाळ उघडलं नव्हतं. सकाळचे दहा वाजले तरी स्वयंपाकघरात तिन्हीसांज. पोस्टमास्तरांनी मेन स्विच बंद केला, टेस्टर कानावर खोचला आणि स्टुलावर चढले. जन्मभर पत्रांवर शिक्के मारलेला माणूस, निवृत्तीनंतर वायरी सोलायला लागला होता.

चार महिन्यांपूर्वी बायको म्हणाली, "अहो, दिवा मेलाय का काय? डाळीतला खडा दिसेना." मास्तरांनी चाळीसचा बल्ब काढून शंभरचा लावला. मग ट्यूब, मग गोल एलईडी. आज हाताएवढ्या लांब पट्टीची पाळी. मधे एकदा भलत्याच वायरी जोडून त्यांनी अख्ख्या मजल्याची वीज घालवली होती. तेव्हापासून शेजारची शिंपीण त्यांना 'अर्धे वायरमन' म्हणायची. आजही ती दारातून डोकावलीच.

"काय अर्धे वायरमन, आता सूर्यच टांगताय का?" मग आवाज उतरवून म्हणाली, "दिवे कसले बदलता, काकूंचे डोळे दाखवा. परवा मी समोर उभी, तर मलाच विचारतात, कोण म्हणून!"

"डोळ्यांना काय धाड भरलीय? होल्डर जुना आहे," मास्तर वरूनच गुरकावले.

शिंपीण मान हलवत गेली. बायकोच्या थोरल्या बहिणीची नजर अशीच मुंगीच्या पावलांनी गेली होती. त्या गोष्टीचा घरात कुणी विषय काढत नसे. दिवा बदलला की मास्तरांना चार दिवस तरी धीर धरता यायचा.

शेवटचा स्क्रू आवळून ते खाली उतरले. मांडी घालून बसलेल्या बायकोच्या पुढ्यात डाळीचं ताट होतं. हात पुसत त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "दिसतंय का आता?"

बायकोनं मान वर केली. चेहरा उजळला तिचा. "अगंबाई! आता कसं लख्ख झालं! उगाच नावं ठेवतात तुम्हाला."

मास्तर हसायला गेले, आणि तोंड तसंच राहिलं. मेन अजून बंदच होता. डोक्यावरची पट्टी काळीठिक्कर.

ते व्हरांड्यात गेले आणि बोटानं दाबून, खटका वाजणार नाही असा मेन चालू केला. परत आले तेव्हा खोली पांढरीफेक झाली होती. बायको तशीच वर बघत होती. पापणीसुद्धा लवली नाही.

"उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय," ते म्हणाले.

तिची बोटं डाळीतच थांबली. "कशाला?"

"माझे दाखवायचेत. वायरीचे रंग कळेनात."

तिनं ताटातली डाळ तळव्यानं सारखी केली. मग म्हणाली, "मी येते बरोबर. जिन्यात धडपडाल एकटे."

"ये."

ते तिच्या शेजारी टेकले, ताट आपल्या मांडीवर ओढलं आणि डाळीतले खडे वेचायला लागले. तिनं वेचून बाजूला ठेवलेल्या डाळीत खडे तसेच होते.