रिसेटवरची चिकटपट्टी

आमच्या नाशिकच्या कॉलेजातले लॅब असिस्टंट लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या कॉम्प्युटरचं रिसेट बटण चिकटपट्टीने झाकून ठेवायचे. मशीन अडकलं की आम्ही आधी तेच दाबायचो. मग ते ओरडायचे, "अहो, आधी त्याचा जबाब घ्या की!" जबाब म्हणजे पडद्यावर उमटलेले आकडे आणि नावं. हे सगळं ते आम्हाला वहीत हाताने उतरवायला लावायचे. मी "सर" म्हटलं की म्हणायचे, "सर वरच्या मजल्यावर बसतात, ताई. मी मनमाडचा साधा माणूस."

शेवटच्या वर्षी माझा प्रोजेक्ट चालवला की मशीन अडकायचं. परीक्षा आठवड्यावर आली होती. चूक माझीच असणार, असं धरून मी माझाच प्रोग्राम पुन्हा पुन्हा खोडत होते. त्यांनी माझी वही मागितली. मशीन तीनदा अडकलं होतं; तिन्ही वेळच्या जबाबात एकच नाव होतं, आणि ते माझ्या प्रोग्राममधलं नव्हतं. ते कर्नेलमधलं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातलं होतं. तो कोड सगळ्यांना खुला असतो. दोन दिवस आम्ही तो ओळीओळीने वाचला. नेटवर्क कार्ड एका वेळी एकाच कामाला वापरू देणारं, कोडमधलं कुलूप एका ठिकाणी उघडायचंच राहिलं होतं. मी तिथे ते उघडणारी एक ओळ घातली आणि प्रोजेक्ट दिवसभर न अडकता चालला.

"आता कळवा हे कर्नेल लिहिणाऱ्या लोकांना," ते म्हणाले.

"मी? हरसूलसारख्या खेड्यातली पोरगी त्यांची चूक काढणार?"

"सापडली कुणाला?"

"मला."

"मग?"

मी मेल लिहिली. त्यांनी ती सावकाश वाचली, सुरुवातीचं 'सॉरी' तेवढं पुसलं आणि कीबोर्ड माझ्याकडे सरकवला.