विटेवरची भरती-ओहोटी

आमच्या सौ.च्या मामांइतका समुद्रावर जीव टाकणारा माणूस रत्नागिरीतही सापडायचा नाही, आणि हे गृहस्थ राहायचे कुठे, तर नागपुरात! कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर माणूस देवदेव करतो. मामांनी कोकणातून टबभर समुद्राची रेती आणि कॅन भरभरून खारं पाणी आणलं. त्या रेतीच्या दोन कणांमधल्या फटीत डोळ्यांना न दिसणारी जनावरं राहतात म्हणे. खानदानी जनावरं, त्यांना घरबसल्या भरती-ओहोटी लागते! टबाच्या कडेखाली वीट सरकवली की ओहोटी, काढली की भरती. शेजाऱ्यांनी विचारलं, बांधकाम काढून राहिले का? गवंड्यानं बजावलं, ही रेती लई बारीक, गिलाव्याले कन्हान नदीचीच आणा.

पाहुण्याला चहा मिळायचा तो सूक्ष्मदर्शकात डोळा घातल्यावरच. "पाहा, लाट आली की कणाला कसा चिकटून बसतो! संसार म्हणतात तो याला," असं मामा एखाद्या कृमीविषयी गहिवरून सांगायचे, आणि मामी स्वयंपाकघरातून भांडं आपटून अनुमोदन द्यायच्या. पुतण्याच्या लग्नात पानात वडाभात पडला न पडला तोच मामा उठले. भरतीची वेळ झाली होती. व्याही बिचारे मानपानात काय चुकलं म्हणून हात जोडत फाटकापर्यंत धावले.

मे महिन्यात घरातला एकुलता एक कूलर टबाकडे तोंड करून चालायचा. माणसांना पंखा होता की! एक दिवस हे सगळं नालीत ओतते, असं मामी रोज म्हणायच्या.

अशाच एका मे महिन्यात मामांना हृदयाच्या दुखण्यानं दवाखान्यात ठेवलं. मी डबा न्यायला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा टब नालीत गेला असणार हे धरूनच चाललो होतो. पाहतो तर कूलर टबावर सुरू, आणि घामानं निथळलेल्या मामी वाकून वीट सरकवत होत्या.

"पाहून काय राहिले, जावईबापू? पाणी हाललं नाही तं मरून जातीन सारे. यायनं घरी आल्यावर विचारलं, तं काय सांगू मी?"

मामा घरी आलेच नाहीत. फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

परवा आमच्याकडे वास्तुशांतीला पंगत बसली. वडाभात वाढला, मामींनी घड्याळाकडे पाहिलं आणि त्या उठल्या. कोणी हात जोडले नाहीत. मीही पान तसंच ठेवलं आणि स्कूटरची किल्ली घेतली.