सायलीच्या आईची चुंबळ

कपाट आवरताना कापडाची जुनी चुंबळ हाती लागली. "बाकीच्या पोरींना होईल," म्हणून सायलीच्या आईने दिलेली. कितीदा धुतली, तरी सुक्या मासळीचा वास काही गेला नाही. नाकाशी धरली आणि रत्नागिरीतल्या आमच्या अंधशाळेचं जांभ्याचं अंगण समोर आलं.

मी तिथे खेळाची शिक्षिका होते. दहा वर्षांच्या सायलीला जन्मापासून दिसत नव्हतं. ती वाकून, दोन्ही हात पुढे धरून चालायची. पाठ सरळ व्हावी म्हणून प्रशिक्षणात शिकवल्याप्रमाणे मी तिच्या डोक्यावर पुस्तक ठेवायचे. महिनाभर ते पडतच होतं.

एका शनिवारी तिची आई जयगडहून तिला न्यायला आली. मासे विकून आलेली, रिकामी पाटी काखेत. जरा वेळ बघून म्हणाली, "बाई, पुस्तकाला वजन कुठाय? मानेला कळायचं कसं?" तिने आपली चुंबळ लेकीच्या डोक्यावर ठेवली, पाटीत आमच्या व्यायामाच्या दोन वाळूच्या पिशव्या टाकल्या आणि पाटी वर चढवली.

सायलीची मान ताठ झाली, मग पाठ. एक हात पाटीला गेला, दुसरा सैल खाली आला. आईने सवयीने तिला धरायला हात पुढे केला.

"तू पुढे हो," सायली म्हणाली. "बांगड्यांच्या आवाजावर येते मी."

तेव्हा मी फक्त ती ताठ मान बघत होते, थोडी ओशाळून. आता आठवतो तो आईचा हात. क्षणभर तो तसाच राहिला. मग बांगड्या वाजाव्यात म्हणून तो मुद्दाम हलवत ती पुढे चालू लागली.