टेबलाच्या डोक्याशी बसणारा माणूस

गावाला मोठी आग लागून गेली, तेव्हापासून आमच्याकडे सगळ्यांनी विटांच्या भिंती आणि लोखंडी दारं करून घेतली. त्यांतली सगळ्यात देखणी इमारत लुएला विकरीची. खाली जेवणघर, वर प्रवाशांच्या खोल्या, मागे दगडी तबेला. टपालाची घोडागाडी घाट चढून आली की याच दारात थांबायची. बाप गेल्यावर लुएलानं सगळा पसारा एकटीनं ओढला. लग्नाचं कुणी काढलं तर म्हणायची, "सवड कुणाला आहे?"

तिच्या घरचा एक नियम होता, बापानं घालून दिलेला. टेबलाच्या डोक्याशी, म्हणजे मानाच्या जागी, खुर्ची गाडीवानाची. शेजारी न्यायाधीश बसलेला असो, गाडीवानाला वाढल्याशिवाय कुणी चमच्याला हात लावायचा नाही.

त्या खुर्चीत वर्षानुवर्षं इनोस टॅकेट बसला. सहा घोडे बोटांवर नाचवणारा हा गडी लुएलासमोर मीठ मागायलाही लाजायचा. ती न मागता मीठ पुढे सरकवायची. दोघांचं काय चाललंय ते त्या दोघांना सोडून अख्ख्या गावाला ठाऊक होतं. मी खोगीरं शिवणारा माणूस, स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या बाकावर रोज जेवायचो. कितीदा वाटायचं, दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीत!

मग मोटार आली. टपाल मोटारीत गेलं, पाठोपाठ प्रवासी गेले, आणि डोक्याशी मोटार चालवणारा क्लिफ्टन बेअर्ड बसू लागला. धुळीनं माखलेला, मिशाळ, मोठ्या आवाजाचा. मला तो डोळ्यांसमोर नको व्हायचा.

इनोस मागच्या पायरीवर बसून गार घेवडा खायचा.

"आत या, मिस्टर टॅकेट. दुसऱ्या खुर्च्या आहेत," लुएला म्हणायची.

"गाडीवान राहिलो नाही, प्रवासी कधी नव्हतो. कुठल्या नात्यानं बसू?"

ती त्याच्या ताटात पाव ठेवून आत वळायची. मी म्हटलं, "बाई, उठव त्या मिशाळाला."

"का म्हणून? गाडी तोच आणतो ना? बापाचा नियम सोयीपुरता नसतो."

हट्टी खरी. पण त्या आठवड्यात तिच्या हातून दोनदा पाव करपला.

शेवटी तबेल्यातले घोडे विकले गेले आणि इनोस नेवाडाला बहिणीकडे निघाला. कायमचाच. जायचं कशानं, तर बेअर्डच्या मोटारीनं! दुपारी जेवणं झाली की गाडी सुटणार होती. इनोस पेटी घेऊन मागच्या पायरीवर बसून राहिला.

लुएलानं आधी बेअर्डला वाढलं, मग आम्हाला. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि तिनं मागचं दार उघडलं.

"मिस्टर टॅकेट, नातं विचारत होता ना? गाडीवान जेवणघरात जेवतो, प्रवासीही तिथंच जेवतो. घरचं माणूस मात्र स्वयंपाकघरात जेवतं. इथं आजवर मी एकटीच जेवले." ती म्हणाली, "आज दोन ताटं मांडलीत."

माझा घास तोंडातच राहिला.

"लुएला," इनोस म्हणाला. मिस विकरी नाही, लुएला! "मी आता कुणीच नाही गं."

"मला कुणीतरी नकोय. तुम्ही हवे आहात. या, गार होतंय."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मला रडू फुटलं, सांगायला लाज कसली?

इकडे लोक कॉफीसाठी बशा वाजवू लागले. बेअर्डनं घड्याळ पाहिलं आणि तो उठला. तरातरा स्वयंपाकघराच्या दाराशी आला. मी मनात म्हटलं, झालं, आता हा हाक मारणार. त्यानं आत एकदा पाहिलं आणि कडीचा आवाज होऊ न देता दार लोटून घेतलं.

"कॉफी आपापली ओतून घ्या," तो हळू आवाजात म्हणाला. "आणि मागच्या पायरीवर एक पेटी आहे. ती वरच्या खोलीत नेऊन ठेवा कुणीतरी."