पुढच्या चाकापाशी

माझा थोरला भाऊ, दादा, गेला त्याला वर्ष उलटलं तरी आमच्या घरातले देव डब्यातच होते. तेराव्यानंतर आईने ते स्वतःच्या हाताने लाल फडक्यात गुंडाळले, स्टीलच्या डब्यात घातले आणि डबा कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवायला मला सांगितलं. देवघराच्या रिकाम्या कोनाड्यात तिच्या गुडघ्याच्या गोळ्या आल्या. वर्षश्राद्ध झालं, पाहुणे जेवून गेले, जाणत्यांनी समजावलं की आता दुःख फेडा, दिवा लावा. आईने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, "मला डोंगरावर ने. तिच्यासमोर बसून एक गोष्ट विचारायची हाय. मंग लावीन दिवा. आन् त्याच्याच गाडीतून जाईन, डोलीत न्हाई."

ती म्हणजे आमची कुलदेवी. आमचं गाव धावड्याकडचं. तिथून पुढे डोंगर सुरू होतो आणि शेवटचा टप्पा म्हणजे रस्ता कसला, पावसाळ्यात पाण्याने आणि उन्हाळ्यात बैलगाड्यांनी पाडलेली वाट. आई अठ्ठ्याहत्तरीची. त्या वर्षात तिची भाकरी अर्धीवरून चतकोरावर आली होती. ती ही गोष्ट न विचारताच निघून जाईल, याची मला मनातून फार भीती वाटत होती.

दादाची गाडी म्हणजे जुना, चारी चाकांनी ओढणारा पिकअप. वर्षभर त्यात मिरचीचे कट्टे जायचे आणि देवीच्या यात्रेला गावातली म्हातारी माणसं. ज्यांना डोंगर चढवत नाही अशा सगळ्यांना तो खेपा करून वर पोचवायचा. म्हाताऱ्यांना चढता यावं म्हणून त्याने मागच्या फाळक्याला दोन बुटक्या पायऱ्या वेल्डिंग करून घेतल्या होत्या आणि धरायला मोडक्या हातपंपाचा दांडा बसवला होता. पंचक्रोशीत त्या गाडीला पायऱ्यावाली गाडी म्हणत.

मीही एकदोनदा त्या गाडीतून गेलो होतो. डोंगराच्या पायथ्याशी नाला लागतो. तिथं दादा गाडी थांबवायचा, खाली उतरायचा आणि पुढच्या एका चाकापाशी गुडघा टेकून वाकायचा. मग वळसा घालून दुसऱ्या चाकापाशी. उठताना हात कपाळाला लावायचा. मी परतूरला शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे अशा गोष्टींना हसणं हे मी माझं कर्तव्य समजायचो. एकदा गाडीभर लोकांसमोर म्हणालो होतो, "दादा, चाकाच्या पाया पडून राह्यला, कधी इंजिनालाबी नारळ फोड." सगळे हसले. दादाही हसला. तू काय करतोस म्हणून मी विचारलं नाही आणि तो आपण होऊन काही सांगणारा नव्हता.

विचारलं नाही, ही माझी जुनी खोड. तिचं सगळ्यात वाईट उदाहरण मी वर्षभर कुणालाच सांगितलं नव्हतं. दादा गेला त्याच्या आठेक दिवस आधी तो परतूरला माझ्याकडे आला होता. काम काही नव्हतं. मी पेपर तपासत होतो. तो समोर खुर्चीवर बसला, एकदोनदा छातीच्या डाव्या बाजूला हात फिरवला, घाम पुसला. मी पाहिलं. म्हणालो, "ऊन लई हाय आज." त्याने चहा घेतला, तासभर बसला, "बरं, निघतो" म्हणाला. मी दारापर्यंतसुद्धा गेलो नाही, कारण दहावी ब-चा गठ्ठा राहिला होता. पुढच्या आठवड्यात पहाटे तो गोठ्यात पडलेला सापडला. शेवटी त्याच्याजवळ कुणी नव्हतं, एक गाय सोडून.

तर आईला वर न्यायचं म्हणून मी गाडी हातात घेतली. वर्षभर ती कडुलिंबाखाली उभी होती. टाकीत गाळ, क्लच चिकटलेला, केबिनचा पत्रा खालून सडलेला, सीटमध्ये उंदरांचा संसार. ओढत जालन्याला नेली. तिथं एक वयस्कर मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी क्लच बदलला, टाकी धुतली, पुढच्या आसाची तेलाची सीलं नवी टाकली, खालचा पत्रा बदलला. म्हणाले, "मास्तर, गाडी बिलकुल बराबर हाय. आता फक्त चालवा." पण मी मोबाइलवर डोंगरात गाड्या घालणाऱ्या पोरांचे व्हिडिओ पाहून बसलो होतो. मी स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये एकेक पाटा वाढवून गाडी उचलून घेतली, मोठ्या नक्षीचे रुंद टायर टाकले, पोटाखाली दगड लागू नये म्हणून जाड पत्रा ठोकला, पुढे लोखंडी गार्ड बसवलं. शेवटी रंगाऱ्याकडून चारी चाकांच्या मधोमध लालभडक रंग मारून घेतला. खरं सांगायचं तर आईपेक्षा मी माझ्या अपराधासाठी ती गाडी सजवत होतो. वहिनी बघून इतकंच म्हणाल्या, "भाऊजी, पायऱ्या उंच झाल्या आता. म्हाताऱ्या चढायच्या कशा?" मी तिसरी पायरी जोडून घेतली.

गाडी ताब्यात देताना चाचांनी विचारलं होतं, "पुढच्या चाकांचं माहीत हाय ना, मास्तर?" मी म्हणालो, "घरचीच गाडी हाय, चाचा." माहीत काहीच नव्हतं. पण ज्याने आठवीला यंत्राचा धडा वीस वर्षं शिकवला, त्याने विचारायचं कसं?

दिवाळीनंतर आम्ही निघालो. आई माझ्या शेजारी, मांडीवर देवांचा डबा. वहिनी मागे, ओटीचं सामान घेऊन. निघण्याआधी मी गाडीला हळद-कुंकू वाहिलं आणि दादाची आठवण म्हणून पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यभागी, जिथं तो हात लावायचा तिथंच, बोटं भरून लावलं. दोन दिवसांपूर्वी अवकाळी झाला होता. नाल्यात पाणी घोटाभरच, पण पलीकडची चढण काळ्या चिखलाने लोण्यासारखी झालेली. मी दादासारखं, पुढच्या चाकांनाही जोर देणारं छोटं लिव्हर ओढलं आणि गाडी घातली. अर्ध्यात गेली आणि मागची चाकं जागेवर गरगर फिरायला लागली. मागे घेतली, पुन्हा घातली. दगड टाकले, बाभळीच्या फांद्या टाकल्या. पाचव्या वेळी माझ्या विजारीचा आणि टायरचा रंग एक झाला होता. आईने मांडीवरचा डबा घट्ट धरला होता. एकदाच पुटपुटली, "तिला मला भेटायचंच नसंल." ते ऐकून मी गाडी बंद केली. मी नाल्याच्या दगडावर बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा, काही अट न घालता, मनात म्हणालो की मला हे जमत नाही. मला काहीच जमत नाही.

तेवढ्यात वरून एक बाई उतरून आली. डोक्यावर गवताचा भारा, कमरेला विळा. गाडीकडे बघत थांबली.

"भाऊ, ही ती पायऱ्यावालीच गाडी का? चाकं लाल केली तर वळखूच येईना."

"तीच. माझ्या मोठ्या भावाची. गेले ते."

तिने भारा खाली ठेवला. "म्हणून औंदा यात्रेला दिसली न्हाई," ती म्हणाली. "मह्या सासूला वर नेल्तं त्यांनी." मग चाकांकडे बघून म्हणाली, "ते इथं उतरायचे. चाकाला हात लावायचे. तुमी लावला न्हाई का?"

"लावला की. हळद-कुंकूबी वाहिलं."

"तसा न्हाई वो. फिरवायचे ते." तिने मनगट वळवून दाखवलं, जसं घट्ट बसलेल्या डब्याचं झाकण उघडावं. "अशानी. दोन्हीकडं. मंग पाया पडायचे."

मी चिखलात गुडघे टेकले. चाकाच्या मधोमध एक गोल चकती होती. तिच्यावर माझं कुंकू, कुंकवाखाली माझाच लाल रंग. तिने दिलेल्या विळ्याच्या टोकाने मी रंग खरवडला, तेव्हा खाली बारीक अक्षरं आणि बाण दिसला. चकती एका बाजूला फिरवली की पुढचं चाक आसाला जोडलं जातं, नाहीतर लिव्हर कितीही ओढा, ते मोकळंच फिरतं. इतकी साधी गोष्ट. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा ती हलली. दुसऱ्या बाजूला जाऊन तिथंही गुडघे टेकले. वहिनी मागून म्हणाल्या, "मला वाटलं, तुमी मास्तर, तुमाला ठावूक असंल."

गाडी थोडी मागे घेतली तर पुढून कट् असा आवाज आला. मग ती चढली, म्हैस पाण्यातून उठून काठावर यावी तशी, काही घाई न करता. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा घसरलो असतो, म्हणून थांबता आलं नाही. आरशात ती बाई भारा उचलून डोक्यावर घेताना दिसली, तेवढीच.

वर देवळात आमच्याशिवाय कुणी नव्हतं. वहिनींनी ओटी भरली. आई मूर्तीसमोर पाय पसरून बसली, आपल्या माहेरच्या माणसासमोर बसावं तशी. मला वाटलं होतं ती भांडेल. तिने फक्त विचारलं, "त्याला लई दुखलं का गं?"

एवढंच विचारायला ती वर्षभर थांबली होती. आणि माझ्या लक्षात आलं की याचं उत्तर त्या देवळात एकाच माणसाला ठाऊक होतं. माझे गुडघे आधीच चिखलाने भरले होते, ते पुन्हा टेकायला काही अवघड गेलं नाही.

"आई," मी म्हणालो, "दादा जायच्या आठ दिवस आधी माझ्याकडं आल्ता. छातीला हात लावून राह्यला होता. मी पाहिलं, पण विचारलं न्हाई."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. आई माझ्याकडे वळली. "म्हंजी दुखत होतं त्याला," ती म्हणाली.

"हो."

मग ती रडली. दादा गेल्यापासून पहिल्यांदा, मोठ्याने, अंग हलवून. मीही रडलो. कितीतरी वेळाने तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मला सांगूनच गेल्ता तो तुझ्याकडं," ती म्हणाली. "परत आल्यावर मी विचारलं, काय म्हणला मास्तर? तर म्हणे, काय न्हाई, पेपर तपासत होता. बसलो घडीभर, चहा पिलो. बरं वाटलं."

बरं वाटलं. हे दोन शब्द मी वर्षभर कुठे कुठे शोधत होतो, आणि ते आमच्याच घरात, आईजवळ होते. मी विचारलं नव्हतं.

उतरताना नाल्यापाशी गाडी थांबवली. चिखलात माझ्या गुडघ्यांचे खड्डे होते, थोडं सांडलेलं गवत होतं. आई म्हणाली, "त्या बाईचं नाव इचारलं का?" मी नाही म्हणून मान हलवली. आई हसली, म्हणजे तिचा ओठ थोडा हलला. "तू कसला सुधारतोस," ती म्हणाली. नंतर मी आसपास चौकशी केली. गवत कापणाऱ्या बाया पुष्कळ, आणि पायऱ्यावाल्या गाडीतून वर गेलेल्या सासवाही पुष्कळ. ती कोण होती याचा मी आता फार विचार करत नाही. ती आली, एवढं मला पुरतं.

घरी आल्यावर आईने कोनाड्यातल्या गोळ्या उचलल्या, डबा उघडला, एकेक देव पुसून जागेवर ठेवला आणि दिवा लावला. दुःख काही फिटलं नाही. भाकरी मात्र पुन्हा अर्धी झाली.

आता यात्रेच्या खेपा मी करतो. चाकांवरचा लाल रंग घासून काढला आहे. नाल्यापाशी गाडी थांबवतो, उतरतो, एका चाकापाशी वाकतो, मग दुसऱ्या. यंदा मागून एक म्हातारबा ओरडले, "काय मास्तर, तुमीबी चाकाच्या पाया पडायला लागले का?" सगळे हसले. मी म्हणालो, "हो बाबा." चकती जड जाऊ नये म्हणून तिला थोडं ग्रीस लावलेलं असतं. हात कपाळाला नेताना बोटांना त्याचा वास येतो. दादाच्या हाताला यायचा, तोच.